तीस गोष्टी

घशाच्या ऑपरेशनआधी ताईने लेकीसाठी तीस गोष्टी स्वतःच्या आवाजात कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवल्या. ऑपरेशनमध्ये तिचा आवाज कायमचा गेला. काल तिने कुठल्याशा मेलमधली फाइल उघडली आणि हॅकरने कॉम्प्युटरमधल्या सगळ्या फाइल्सना, त्या गोष्टींनाही, कुलूप घातलं.

कॉम्प्युटरदुरुस्ती हा माझा धंदा, पण ते कुलूप माझ्याच्याने निघेना. माझं डोकंच फिरलं. "दुसरी कॉपी वेगळ्या डिस्कवर ठेव, असं कानीकपाळी ओरडत होतो ना मी?"

तिने टेबलाकडे बोट दाखवलं. डिस्क होती, पण कॉम्प्युटरलाच जोडलेली. त्या कॉपीलाही कुलूप.

"अगं, कॉपी झाली की वायर काढायची! एवढंही कळत नाही?"

ताईने वही ओढून लिहिलं, "डिस्क तूच जोडून गेलास. काढायची असते, हे आज सांगतोयस."