पडताळणीचा फोन

जिल्ह्यातल्या कुठल्या रस्त्यावर दोन खोल्यांना किती भाडं पडतं, हे ताईला गाढ झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने डोळे न उघडता सांगितलं असतं. जिल्हा गृहनिर्माण कार्यालयाचा भाड्यांचा अहवाल दर तीन महिन्यांनी निघायचा आणि गेली चार वर्षं तो तीच तयार करत होती. ठरलेल्या सोळाशे घरांतून फॉर्म भरून यायचे. ती ते तपासायची, भागवार लावायची आणि प्रत्येक भागाचा मध्यक काढायची. मध्यक म्हणजे सगळी भाडी चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मधोमध येणारा आकडा. जिल्हाभरचे घरमालक, दलाल आणि वर्तमानपत्रवाले त्याच्यावर टपून बसलेले असायचे.

आणि अशी ही बाई स्वतः राहायची एका लाँड्रीच्या मागे, दीड खोलीत, महिना एकोणीस हजार मोजून. खिडकी उघडली की समोर लाँड्रीच्या वाफेची नळी. दोरीवर टाकलेले कपडे संध्याकाळपर्यंत होते त्याहून ओले व्हायचे.

तिची धाकटी बहीण दाताच्या दवाखान्यात मदतनीस होती. पगार ताईपेक्षा कमी, शिक्षण कमी, पण घर! तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, बाल्कनी, आणि ओट्यासमोर पूर्वेची खिडकी. रविवारी सकाळी ताई तिच्याकडे जायची आणि चहा झाला की, "राहू दे गं, मी घासते," म्हणून कपबशा ओढून घ्यायची. धाकटीला वाटायचं, किती करते ही माझ्यासाठी. ताई मात्र त्या चार कपबशा वीस मिनिटं घासायची, कारण तेवढा वेळ मनगटापासून कोपरापर्यंत ऊन मिळायचं.

"भाडं किती गं तुझं?" हे तिने सहा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. विचारायचं म्हणजे आपल्या पोटात काय चाललंय ते ताटात वाढून द्यायचं. धाकटी आपणहून म्हणायची, "स्वस्त आहे, चालतंय," आणि विषय संपायचा. तिचं सगळं असंच चालायचं. लहानपणी धाकटी स्टॉपवर पोचली की बस यायची. ताई पोचायची तेव्हा बसचा मागचा दिवा दिसायचा. आई म्हणायची, "ताई हुशार आहे, तिचं होईल काहीतरी. धाकटीचं बघायला हवं." आणि सगळेजण धाकटीचं बघायचे.

त्या वर्षी घरांची यादी नव्याने निघाली. यादी संगणक काढायचा, चिठ्ठ्या टाकून काढावी तशी, कुणाचा हात नाही. नदीकाठच्या भागाचे फॉर्म उघडता उघडता एका दुपारी ताईसमोर ओळखीचा पत्ता आला. तिसरा मजला. दोन खोल्या. भाडेकरूचा कालावधी: सहा वर्षं. मासिक भाडं: अकरा हजार.

अकरा!

तिने चष्मा पुसला. आकडा तोच राहिला. त्या भागाचा मध्यक होता बावीस.

खरं तर यात नवल काहीच नव्हतं, आणि हे जिल्ह्यात तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. भाडं दरवर्षी थोडं थोडं वाढतं असं लोकांना वाटतं. तिच्या आकड्यांत तसं दिसत नव्हतं. ते माणूस बदललं की वाढायचं. जुना भाडेकरू बाहेर पडायचा, नवा यायचा, आणि त्या दोघांच्या मधल्या आठवड्यात भाडं टुणकन उडी मारायचं. जे एका जागी टिकून राहिले ते मागच्याच भावात राहिले. ताईने सहा वर्षांत चार घरं बदलली होती. एका मालकाने घर विकलं, एकाच्या मुलाचं लग्न ठरलं, एकाचं छत गळत होतं. दर वेळी ती उडी तिच्याच पाठीवर पडली होती. मागच्या वर्षीच्या अहवालातला हा सगळ्यात चांगला परिच्छेद, तिनेच लिहिलेला. साहेबांनी कौतुकही केलं होतं. पण परिच्छेदात लिहिणं वेगळं आणि सख्ख्या बहिणीच्या फॉर्मवर वाचणं वेगळं.

नियम असा होता: एखाद्या घराचं भाडं मध्यकाच्या साठ टक्क्यांहून कमी असलं, तर घरमालकाला फोन करून पडताळणी करायची. फोनवर काय बोलायचं तेही छापलेलं. आणि आणखी एक नियम: नात्यातल्या माणसाचा फॉर्म आला तर तो दुसऱ्याकडे सोपवायचा.

पडताळणीचे फोन कार्यालयातले एक जुने कारकून करायचे, सगळे त्यांना काका म्हणायचे. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. काकांची एक खास पद्धत होती. जुना भाडेकरू असला की ते छापलेला मजकूर शब्दन् शब्द वाचायचे, पण असे गडगडत, की मध्यकाचा आकडा मालकाच्या कानावरून सुसाट निघून जायचा. "नियम मोडत नाही मी," ते सांगायचे, "फक्त वेग वाढवतो. नाहीतर आपण भाडी मोजणारे, आपणच भाडी वाढवणारे व्हायचो." सगळे हसायचे. ताईही हसायची.

त्या दुपारी काका चहाला गेले होते. फॉर्मवर चिठ्ठी लावून त्यांच्या टेबलावर ठेवायला अर्धं मिनिट लागलं असतं.

ताईने फोन उचलला.

"नमस्कार, जिल्हा गृहनिर्माण कार्यालयातून बोलतेय. आपल्या भागातल्या दोन खोल्यांच्या घराचं मध्यक भाडं बावीस हजार आहे." ती थांबली. मजकुरात तिथे थांबायची खूण नव्हती. "आपल्या घराची नोंद अकरा हजार अशी आहे. ही नोंद बरोबर आहे का?"

पलीकडे एका वयस्क बाईंचा श्वास ऐकू आला. "किती म्हणालात?"

"अकरा हजार."

"ते नाही हो. त्याच्या आधीचं."

"बावीस," ताई म्हणाली. स्वच्छ, सावकाश, शाळेत कविता म्हणावी तशी. "बावीस हजार."

"अगंबाई," बाई म्हणाल्या. मग, "नोंद बरोबर आहे तुमची."

फोन ठेवल्यावर ताईला गार पाणी प्यायल्यासारखं वाटलं. काका चहा घेऊन येईपर्यंत ते वाटणं संपलंही होतं.

आठवड्याने धाकटीचा फोन आला. "ताई, बाईंनी भाडं वाढवलंय. वीस म्हणतात, पुढच्या महिन्यापासून. वीस गं! माझ्या पगारात कुठून आणू?"

"अचानक कसं काय?" ताईने विचारलं आणि स्वतःच्याच आवाजाचा तिला राग आला.

"कुठल्या तरी ऑफिसातून फोन आला होता म्हणे. तुझंच असणार. कोण करतं गं हे उद्योग?"

"आहेत एक काका."

"मेल्याला दुसरं काम नाही?"

"नाही ना," ताई म्हणाली.

तिने त्या रात्रीच जिल्ह्यातले सगळे भाव मनातल्या मनात चाळले. धाकटीच्या पगारात बसेल असं नदीकाठी काहीच नव्हतं. धाकटीने दहा दिवसांत स्वतःच शोधलं, गावाच्या टोकाला, गॅरेजवरची एक खोली, बारा हजार. मोरी सामायिक. आणि मग ती जे बोलली ते ताईने स्वप्नातही मागितलं नसतं.

"तूच घे ना माझं घर. तू एकोणीस भरतेसच. हजाराने काय मरणार नाहीस. निदान घरातल्या घरात राहील. रविवारी मी येत जाईन, कपबशा घासायला."

"बघू," ताई म्हणाली. पण फोन ठेवेपर्यंत तिचं टेबल त्या बाल्कनीशेजारी लागलंही होतं. पुस्तकांची मांडणी कुठल्या भिंतीला हेही ठरलं होतं.

रविवारी घरमालकीण किल्ल्या घेऊन आल्या. ताईला वाटलं होतं, कुणीतरी नाकाने कांदे सोलणारी बाई असेल. आल्या त्या हातात कापडी पिशवी घेतलेल्या, जिन्याने दम लागलेल्या. धाकटीने त्यांना पाणी दिलं. दोघींत कडवटपणा दिसत नव्हता. त्याचंही ताईला जरा वाईटच वाटलं. आपल्यावर कुणी भाडं दुप्पट केलं असतं तर आपण पेला पुढे केला असता का?

"ही माझी ताई," धाकटी म्हणाली. "घर अगदी नीट ठेवेल. हिने आजवर स्वतःसाठी कध्धी काही मागितलेलं नाही, बाई. मला तर वाटतं, मी निघतेय ते बरंच झालं. हिला तरी उजेड मिळेल."

ताईने खिडकीकडे पाहिलं.

"मलाही बरं वाटत नाही हो," बाई खाटेच्या कडेला टेकत म्हणाल्या. "पण मी तिकडे मुलीच्या गावी भाड्यानेच राहते. दोनदा वाढवलं तिथे. पेन्शन संपली की लेकीकडे हात पसरायचा. इकडचा भाव मला ठाऊकच नव्हता. त्या ऑफिसातल्या बाई इतकं स्वच्छ बोलल्या म्हणून कळलं. विचारलं तर पुन्हासुद्धा सांगितलं बिचाऱ्यांनी."

"बाई?" धाकटी म्हणाली. "काका ना?"

"छे, बाईच होत्या. चांगल्या ठसठशीत बोलणाऱ्या."

धाकटी वळली. तिच्या हातात चिकटपट्टी होती, तिचं टोक शोधता शोधता नख थांबलं.

"मीच केला होता," ताई म्हणाली.

खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. धाकटीने चिकटपट्टीचं टोक पुन्हा शोधायला घेतलं.

"नियमात होतं?" धाकटीने विचारलं. तिने हा दरवाजा मुद्दाम उघडा ठेवला होता, हे ताईला कळलं. हो म्हटलं की बाहेर पडता आलं असतं.

"वाचायचं नियमात होतं. मी वाचायचं नव्हतं. आणि इतकं सावकाश तर नक्कीच नव्हतं."

"का पण?"

"तुझे अकरा दिसले."

"मग मला सांगायचंस! मी तुला राहायला घेतलं असतं इथे. दोन खोल्या आहेत."

"माहितेय," ताई म्हणाली. "घेतलंच असतंस तू. तेच तर सहन होत नाही."

बाई एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी पिशवी उचलली. "हे बघा, तुमचं तुम्ही बघून घ्या. मला फक्त सांगा, घर घेताय की नाही? दुसरं एक जोडपं यायचंय आत्ता."

हो म्हणायला ताईची जीभ वळवळली. हे सगळं कबूल केल्यावरही वळवळली, याचंच तिला नवल वाटलं.

"नाही घेत," ती म्हणाली.

धाकटीने चिकटपट्टी खस्सकन ओढली, एक खोकं बंद केलं आणि ताईच्या दोन्ही हातांत दिलं. चांगलं जड होतं.

"खाली टेम्पो उभा आहे. आणखी सहा आहेत अशी. माझ्याशी बोलू नकोस, नुसती ने."

ताई जिना उतरू लागली. दुसऱ्या मजल्यावर ते जोडपं भेटलं, तरुण, कठड्याला हात घासत वर येणारं. ती भिंतीला चिकटून बाजूला झाली. धाकटीचा हेवा करावा असं आता काही उरलं नव्हतं. ती गॅरेजवर चालली होती. तरी वरून त्या अनोळखी मुलीचा आवाज आला, "अहो, बघा तरी, ओट्यावर ऊन येतं!" आणि ताईच्या पोटात पुन्हा तेच, तसंच, जिथल्या तिथे दुखलं. तिने खोक्यावर हनुवटी टेकवली, पुढची पायरी पायाने चाचपली आणि उतरत राहिली. वर अजून सहा होती.