लेखी नकार

ग्लासाच्या तळाशी एक बुडबुडा होता, काचेच्या पोटातच अडकलेला, नागलीच्या दाण्याएवढा. मंगळू भोये तो तिसऱ्यांदा पुसत होता आणि तिसऱ्यांदा त्याच्या लक्षात येत होतं की हा डाग नव्हे, हा आतलाच आहे, कितीही फडकं फिरवलं तरी जायचा नाही. त्याला स्वतःचंच हसू आलं. जानेवारीतलं कोवळं ऊन सभागृहाच्या पूर्वेकडच्या खिडक्यांतून लांब टेबलावर तिरपं पडलं होतं आणि मांडून ठेवलेले सगळे ग्लास एकदम पेटल्यासारखे दिसत होते. ही वेळ त्याची आवडती. साहेब यायच्या आधीची, खुर्च्या पुसून झाल्यानंतरची, सगळं जिथल्या तिथे असण्याची... वीस वर्षं झाली या कार्यालयात शिपाई म्हणून, आणि अजूनही सकाळी कुलूप काढताना बरं वाटतं. किती जणांना असं वाटत असेल? साहेबांना तरी वाटतं का?

आज विधिमंडळाची समिती येणार होती. आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या सरकारी जागा खरोखरच भरल्या का, बढत्या वेळेवर दिल्या का, कुणाला उगाच निलंबित करून घरी बसवलंय का, हे जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून विचारणारे आमदार. आठवडाभर कार्यालयाला झोप नव्हती. जुन्या फायलींवरची धूळ झटकून झटकून मंगळूला खोकला लागला होता. कोणती फाईल कुठल्या कपाटात, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. 'मंगळू, सत्त्याऐंशीची बढतीची फाईल?' — त्यानेच काढून दिली होती, वरच्या फळीवरून, स्टुलावर चढून, आत काय आहे ते न बघता.

"मंगळूदादा, जरा इकडे या."

दारात उज्ज्वलाबाई उभ्या होत्या. आस्थापना शाखेच्या लिपिक, देवळ्याकडच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या हातात झेरॉक्सचा गठ्ठा होता. त्यातला एक कागद त्यांनी वर काढला आणि टेबलावर न ठेवता त्याच्या हातातच दिला.

"समितीला द्यायच्या कागदांत हा जोडलाय. तुम्हाला आधी दाखवावा असं वाटलं."

'मी खाली सही करणार, मंगळू धर्मा भोये, शिपाई, स्वखुशीने लिहून देतो की, कौटुंबिक अडचणीमुळे मला कनिष्ठ लिपिक या पदावरील पदोन्नती नको आहे...' खाली सही. त्याची नजर आधी सहीवरच गेली. भोयेचा 'भो' कसा गोल, खाली ओढलेली रेघ कशी सरळ. सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून परीक्षेला बसून, पस्तिसाव्या वर्षी दहावी पास झाल्यावर त्याने ही नवी सही बसवली होती, महिनाभर पाठकोऱ्या कागदांवर सराव करून. झेरॉक्समध्येसुद्धा ती छान उठली होती.

"माझीच आहे," तो म्हणाला.

"सही तुमचीच आहे. पण हे टाईप कोणी केलं?"

"वाल्मीकराव होते ना तेव्हा हेडक्लार्क."

उज्ज्वलाबाई काहीतरी बोलणार होत्या. मग "बरं" एवढंच म्हणाल्या आणि कागद परत गठ्ठ्यात सरकवून निघून गेल्या. मंगळू फडकं हातात धरून उभा राहिला. यात विचारण्यासारखं काय होतं? गेलेली गोष्ट. वाल्मीकरावसुद्धा गेले. चांगला माणूस होता...

चांगलाच होता. त्या दिवशी त्यांनी त्याला समोर बोलावून, दार लोटून घेऊन सांगितलं होतं — "मंगळू, बढती निघालीये तुझी. पण येवल्याला. तिकडे ना पाणी, ना झाड. तुझा जन्म पेठच्या डोंगरातला. फुलाबाईचं औषध सिव्हिलमध्ये चालू आहे. शिवाय शिपाई राहिलास तर साठपर्यंत नोकरी, लिपिक झालास तर अठ्ठावन्नला घरी. बघ बाबा, तुझ्या भल्याचं सांगतो." सगळं खरंच होतं. एकही शब्द खोटा नव्हता. मंगळूने मान डोलावली होती, आणि वाल्मीकरावांनी ड्रॉवर उघडून कागद पुढे केला होता आणि त्याने पेन... थांब. ड्रॉवर उघडून. म्हणजे कागद आत होता. मी मान डोलवायच्या आधीच तो आत होता.

हे मला तेव्हा दिसलं नव्हतं का? दिसलं होतं. दिसलं होतं म्हणूनच तर आज आठवलं.

अकरा वाजता गाड्या आल्या. समितीचे अध्यक्ष उंच, पांढऱ्या मिशांचे, दुसऱ्या जिल्ह्यातल्या डोंगराळ भागातले. बोलण्यात घाई नव्हती. त्यांच्या शेजारी एक बाई, आमदारच, चष्मा नाकावर उतरवून कागद वाचणाऱ्या. इतर सदस्य. मग समोर साहेब, साहेबांच्या मागे सगळे शाखाप्रमुख. त्यात सोमनाथही होता — ओझरचा, मंगळूच्या डब्यातली नागलीची भाकर हक्काने उचलणारा. सत्त्याऐंशीत मंगळूने नको म्हटलेली जागा सहा महिन्यांनी सोमनाथला मिळाली होती. तिथून चढत चढत तो आता शाखाप्रमुख झाला होता. याचा मंगळूला कधीही राग आला नव्हता. खरंच नाही. जागा कुणाला तरी मिळायचीच.

प्रश्नावली पुढे सरकत होती. किती पदं मंजूर, किती भरली, किती रिकामी, कोणाची चौकशी किती वर्षं चालू... साहेब नवे होते, सहा महिन्यांपूर्वी आलेले, सांभाळून उत्तरं देत होते. मंगळू चहाचा ट्रे घेऊन भिंतीच्या कडेने चालला होता, आवाज न करता. ही चाल त्याला फार पूर्वी साधली होती, खोलीत असून नसल्यासारखं चालण्याची.

"सत्त्याऐंशी सालची बढती," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "एक जागा आदिवासी उमेदवाराची होती. ती दुसऱ्याला का दिली?"

"संबंधित कर्मचाऱ्याने लेखी नकार दिला होता. प्रत जोडली आहे," साहेब म्हणाले.

"स्वखुशीने," बाईंनी वाचलं. "चार वर्षांत मी नऊ जिल्हे फिरले. असे स्वखुशीचे कागद मी पुष्कळ पाहिलेत. हे भोये आहेत का अजून नोकरीत?"

साहेबांनी मागे वळून पाहिलं. सोमनाथ आपल्या पेनाचं टोपण घालत होता, काढत होता. मग उज्ज्वलाबाईंचा आवाज आला, नेहमीसारखाच हळू —

"आहेत मॅडम. हे काय, इथेच आहेत."

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. ट्रेमधल्या कपांनी बारीक आवाज केला आणि त्याला आधी लाज वाटली ती त्या आवाजाची.

"ट्रे ठेवा तो," अध्यक्ष म्हणाले. "बसा इथे."

एक खुर्ची रिकामी होती. ती त्यानेच सकाळी पुसली होती; वीस वर्षांत कितीदा पुसली असेल... पण तिची गादी बसल्यावर एवढी खाली जाते हे त्याला ठाऊक नव्हतं. टेबल एकदम छातीशी आलं. इथून सभागृह वेगळंच दिसत होतं. खिडक्या उंच, माणसं जवळ.

"कुठले तुम्ही?"

"पेठकडचा, साहेब."

"ही सही तुमची?"

"माझी."

"कागदावर लिहिलंय तसं, स्वखुशीने केलीत?"

'होय' म्हटलं की संपलं. होय म्हणणं खोटंही नव्हतं. त्या दिवशी कार्यालयातून बाहेर पडताना त्याला किती हलकं वाटलं होतं... येवला नाही, बदली नाही, टंकलेखनाची परीक्षा नाही, अनोळखी टेबलामागे अवघडून बसणं नाही. चिवडा घेऊन घरी गेला होता तो, खमंग, कांदा-लिंबू वेगळं बांधून. फुलाबाईने विचारलं होतं, "बढती नको म्हनला, मग चिवडा कशाचा?" आणि तो मोठ्याने हसला होता. मग त्या हसण्यानंतर... त्या हसण्यानंतर तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला होता बराच वेळ. हे तो विसरला होता. म्हणजे विसरला नव्हता, ते कधी काढून पाहिलं नव्हतं. वरच्या फळीवरच्या फायलीसारखं. काय वाटत होतं मला तेव्हा ओट्यावर? दुःख? नाही. दुःख नव्हतं ते. आपल्या घरात कुणीतरी आपल्या आधी येऊन गेलंय, सगळं जागच्या जागी आहे, काही चोरीला गेलेलं नाही, तरी येऊन गेलंय — असं काहीतरी.

आणि नंतरची ही अकरा वर्षं? ती खोटी होती का? सकाळचं ऊन, कुलपाची किल्ली, लोकांचं 'मंगळूदादा, जरा बघा ना' — हे सुख माझंच होतं, की तेही कुणीतरी ड्रॉवरमधून काढून माझ्यापुढे ठेवलं होतं? नाही, नाही. हे मीच केलं. एकेक दिवस करून केलं...

"बोला, घाबरू नका," बाई म्हणाल्या.

"घाबरलो नाही मॅडम. आठवत होतो." त्याचा आवाज त्याला ओळखीचा वाटला, याचंच त्याला बरं वाटलं. "मला येवल्याला जायचं नव्हतं. हे खरं हाय."

साहेबांनी श्वास सोडला.

"पण मी गेलो तेव्हा कागद आधीच टाईप होऊन पडलेला होता. मला विचारलं नव्हतं. सांगितलं, आणि सही घेतली."

"विचारलं असतं तर?" अध्यक्ष.

"तर बहुतेक नाहीच म्हटलं असतं, साहेब."

एक सदस्य हसले. अध्यक्ष हसले नाहीत. कोपऱ्यातला लघुलेखक पेन्सिल उचलून थांबला होता. "साहेब, स्वखुशीने — होय लिहू, की नाही?"

"त्यांनी जसं सांगितलं तसंच लिहा. दोन्ही वाक्यं." मग अध्यक्षांनी साहेबांकडे वळून सांगितलं. "हे प्रकरण पुन्हा तपासा. त्या वेळची तारीख धरून यांना बढती देता येते का, ते महिन्याभरात कळवा. कागद कोणी टाईप केला तेही कळवा." आणि परत मंगळूकडे वळून, अगदी सहज, जसं कुणाला पाणी हवं का विचारावं तसं — "आता मी विचारतो. तुम्हाला हवी आहे का बढती?"

तोंडापर्यंत काहीतरी आलं होतं. ते काय होतं हे त्यालाही नीट कळलं नाही.

"उद्या सांगितलं तर चालेल का?"

"आम्ही उद्या दुपारपर्यंत आहोत," अध्यक्ष म्हणाले. "सांगा."

तो उठला. सवयीने ट्रे उचलला. चहा गार झाला होता. त्याने नवा करायला सांगितला.

संध्याकाळी सोमनाथ फाटकापाशी स्कूटर घेऊन थांबला होता. "चल, नाशिक रोडला सोडतो." नाशिक रोडला सरकारी वसाहतीच्या कोपऱ्यावर गाडी थांबवून, इंजिन चालू ठेवून म्हणाला, "मंगळू, कागद आधीच टाईप केला होता हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आईशप्पथ. नंतर कळलं... पण तेव्हा नव्हतं."

"कळल्यावर मला सांगायचं."

"सांगायला हवं होतं."

"हं," मंगळू म्हणाला. वाईट वाटलं, पण थोडंच. सोमनाथच्या मानेवरचे केस पांढरे झालेत हे त्याला आज इतक्या जवळून दिसलं होतं. "उद्या भाकर आणतो. डबा आणू नको जास्तीचा."

घरी फुलाबाई भाकरी करत होती. लेक संध्या अजून टंकलेखनाच्या क्लासहून यायची होती. तो पाटावर बसला आणि त्याने सगळं सांगितलं, क्रमाने — सभागृह, ती खोल जाणारी खुर्ची, चष्मेवाल्या बाई, दोन वाक्यं. ऐकता ऐकता फुलाबाईने तव्यावरची भाकर हाताने उलटली.

"आन मग काय सांगशील उद्या?"

दोन्ही उत्तरं त्याच्या मनात होती. हो म्हटलं तर दोन वर्षं आधी घरी, टेबल, परीक्षा, कदाचित दूरची बदली. नाही म्हटलं तर उद्याची सकाळ, परवाची सकाळ, तेच कुलूप. दोन्हींत काही वाईट नव्हतं. दुपारपासून तो ती आलटून पालटून बघत होता आणि घाई वाटत नव्हती, हेच नवल होतं. पण तिच्या पाठमोऱ्या हालचालींकडे बघता बघता त्याला एकदम आठवलं — कौटुंबिक अडचण. कागदावर लिहिलेली ती अडचण म्हणजे ही. हिचं औषध, हिची तब्येत, हिच्यासाठी येवला नको. आणि चिवडा घेऊन येईपर्यंत तिला यातलं काही माहीतच नव्हतं. मला कुणी विचारलं नाही, हे आज मी भर सभेत सांगितलं... आणि मी? मी कुणाला विचारलं होतं?

"फुला," तो म्हणाला, "तुला काय वाटतं?"

तिचा हात पिठात थांबला. तिने वळून पाहिलं, तो चेष्टा करतोय का ते बघितलं. मग चुलीतलं लाकूड थोडं मागे ओढलं, जाळ कमी केला.

"मला ईचारतूस?"

"तुलाच."

"मंग थांब जरा. असं एकदम कसं सांगू? ईचार करू दे."

ती पुन्हा भाकरीकडे वळली, पण थापण्याचा वेग उतरला होता. मध्येच ती थांबत होती, ओठ हलत होते. मंगळू भिंतीला टेकला. बाहेर वसाहतीत कुणी सायकलला पंप मारत होतं. फुलाबाई काय म्हणेल याचा त्याला काहीच अंदाज येत नव्हता — इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच येत नव्हता — आणि ती सांगेपर्यंत असंच बसून राहायला त्याला फार छान वाटत होतं.