जास्तीचे दोन ठोके

वहिनींनी चष्मा कपाळावर सरकवला, लॅपटॉपच्या पडद्याला जवळजवळ नाक लावलं आणि बोटांच्या पेरांवर हिशेब सुरू केला.

"वेग चार मेगाबिट. फाईल नऊशे मेगाबाइट. चाराला दहाने भागलं की..." ओठ हलत राहिले. "सदतीस मिनिटं. वर थोडी."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," वन्सं म्हणाल्या. "आलं की सांगा म्हणजे झालं."

पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली होती. मुलाने दूरदेशातून पाठवलेली ती फाईल म्हणजे त्याच्या वडिलांचा आवाज होता. घशाच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वडिलांनी खोलीचं दार लावून तो भरून ठेवला होता आणि मुलाला बजावलं होतं, मी गेल्यावर वर्ष सरू दे, मग आईला पाठव. हातात आणून देऊ नकोस, लाइनवरूनच पाठव.

लाइनवरून, कारण दोघांचा संसारच मुळी लाइनवर जुळलेला. त्या इकडच्या तारघरात, ते तिकडच्या. तोंड पाहण्याआधी वर्षभर एकमेकांच्या यंत्रांची खडखड ओळखत होते. पुढे संगणक आले, तेव्हा एका अक्षराचे, म्हणजे एका बाइटचे, आठ ठोके, म्हणजे आठ बिट, जात. शिवाय अक्षराआधी एक ठोका पलीकडच्याला जागं करायला आणि अक्षरानंतर एक, त्याला विसावा द्यायला. म्हणून वेगाला दहाने भागायचं. ते जास्तीचे दोन ठोके आता नसतात, आठानेच भागायचं, हे मुलाने कितीदा तरी समजावलं होतं. डोक्याला पटलं होतं. बोटांना नाही. नवरा तर हसून हसून बेजार व्हायचा. "हिची गाडी कायम दोन ठोके मागे," म्हणायचा.

ऑपरेशननंतर ते हसणंही बिनआवाजाचं झालं. दोन वर्षं घरात पाटीवरच्या खडूची करकर तेवढी राहिली आणि मग तीही गेली.

"चेहरा का असा पाडलात, वहिनी?" वन्सं म्हणाल्या. "माझा दादाच बोलणार आहे. भूत नव्हे."

वहिनींनी टेबलावर नसलेली धूळ पदराने पुसली.

"ओळखू आला नाही तर?"

"कोण?"

"आवाज, वन्सं."

मागे एकदा भाजी घेता घेता त्यांनी तो आवाज आठवून पाहिला होता. आला नाही. जो आला तो रेडिओवरच्या कुणाचा तरी होता. तेव्हापासून घर त्यांना नीट वाटत नव्हतं. कपाट उघडताना, पाणी भरताना, मागे कुणीतरी बोलायला तोंड उघडतंय आणि शब्द न फुटून तसंच मिटतंय, असं वाटायचं. त्या वळून बघायच्या. भिंत असायची.

वन्संनी वहिनींच्या हातातला पदर सोडवला.

"नाही ओळखू आला तर मी आहे ना ओळख करून द्यायला," मग त्या म्हणाल्या. "हे आमचे दादा, म्हणेन."

वहिनी हसल्या नाहीत. "सदतीस मिनिटं आहेत. तोवर मी ठरवते. नाहीच धीर झाला तर मागच्या दाराने बाहेर पडेन. तुम्ही एकट्या ऐका. मला सांगू मात्र नका."

त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि मटार सोलायला बसल्या. चपला आधीच मागच्या दारापाशी नेऊन ठेवल्या होत्या. शेंग उकलायची, दाणे परातीत पाडायचे, घड्याळाकडे बघायचं. अर्धा तास झाला. अजून सात मिनिटं हाताशी होती. त्यांनी परात बाजूला सारली, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि एक पाय चपलेत घातला.

"अगं ए..."

"आले!" वहिनी म्हणाल्या.

परातीला धक्का लागून दाणे फरशीभर पळाले. वहिनी पदराला हात पुसत बाहेरच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत पोचल्यासुद्धा, आणि मग त्यांना कळलं की आपण कुणाला ओ दिली. एका पायात चप्पल तशीच होती.

वन्संनी तोंडावर हात धरला होता. "पट्टी भरली म्हणून मी दाबलं. तुम्ही तर म्हणाला होतात..."

"घाई करू नकोस," आवाज म्हणाला. जरासा खरखरीत, शेवटचं अक्षर गिळणारा. "तू दहाने भागलं असशील, म्हणजे अजून आतच असणार. ये सावकाश. मी थांबतो."

पुढे काही नाही. खुर्ची करकरली. श्वास चालू होता, आत जाताना बारीक शीळ घालणारा.

दोघी ऐकत राहिल्या. वन्संनी डोळे टिपले, वाट पाहिली, मग चुळबुळ केली.

"अडकलं वाटतं. जरा पुढे ढकलू का?"

"हात लावू नका."

वहिनींनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांच्या हिशेबाने त्या यायला अजून अवकाश होता. चप्पल काढून त्यांनी उंबऱ्याबाहेर सरळ ठेवली, खुर्ची आवाज न करता ओढली आणि पडद्यासमोर बसल्या.