शालनला सिंधी येत नाही

शालनला फ्रॉक काढायचे होते. शिवायचे नव्हते, कागदावर काढायचे. फॅक्टरीच्या ऑफिसात ती टायपिंग करायची तेव्हाही बिलांच्या पाठीवर झालरी उमटायच्या, आणि हेडक्लार्क न बघताच ती बिलं फाईलला लावायचा.

कॅम्प पाच या सिंधी वस्तीतल्या ईश्वरीबाईंच्या ड्रेसच्या दुकानात असं काढणारं माणूस हवं होतं. गिऱ्हाईक मात्र सगळं सिंधी. मग शालनने सिंधी शिकायचं मनावर घेतलं. गुरू मिळाली तिच्याच वस्तीत, बुवापाड्यात, दारोदार पापड विकणारी जमनाबाई. फी एकच, धड्यामागे एक पाकीट घ्यायचं.

“भाषा येईल तेव्हा येईल,” नवरा, बबन, ताटातला पापड बाजूला सारत म्हणाला, “माझं बीपी आधी येतंय.”

सरावाला घरात दुसरं कुणी तयार नाही, म्हणून वर्षभराच्या लेकीला, वेणूला, भरवताना ती सिंधीत बोलायची. वेणू ऐकून घ्यायची आणि थुंकायची.

ईश्वरीबाईंनी चित्रं पाहिली, खूश झाल्या. शालनने पाठ केलेली सिंधी वाक्यं सुरू करताच त्यांनी हात वर केला. “चुप! समझता है ना? बस. बोलनेका नहीं. गिऱ्हाईक मेरे मुंह पे बोलता, बहोत अच्छा. आपस में सिंधी में बोलता, कचरा है. तू सुन और पेन्सिल चला. मैं महिनाभर देखेगी. किसीको पता चला तो छुट्टी.”

जमलं की! बायका आपसात कुजबुजायच्या, शालन मुकाट्याने खोडून बदलायची. “मनातलं ओळखते गं ही मराठी पोर!” अशी ख्याती झाली.

महिना भरत आला आणि वेणूला सांभाळणारी सासू गावाला गेली. वेणूला दुकानात आणावं लागलं. त्याच दिवशी घरच्या लग्नाचे कपडे ठरवायला एक जाडजूड सेठाणी आली, सोबत बहीण.

“गळा बघ, पडद्यासारखा,” सेठाणी सिंधीत म्हणाली. शालनने गळा खोडला.

“आणि पोर बघ, किती वाळकी! आईला चित्रांतून फुरसत मिळेल तेव्हा खायला घालेल ना!”

शालनने पेन्सिल खाली ठेवली. चित्राला पडदा, उशीचा अभ्रा, काय म्हणाल ते तिने गिळलं असतं.

“सकाळी नाचणीची पेज, दुपारी वरणभात, चारला केळं!” ती अस्खलित सिंधीत कडाडली. भरवण्याच्या बाबतीत तिची जीभ कुठेच अडेना. “डॉक्टर म्हणतात वजन बरोबर आहे. अंगलटच बापाची, त्याला मी काय करू?”

ईश्वरीबाईंनी डोळे मिटले.

सेठाणी लालबुंद झाली. मग स्टूल ओढून पुढे सरकली. “दात येतायत?”

“चार आले.”

“आणि केळं देतेस? पोट घट्ट होईल की!”

“सफरचंद परवडायला हवं ना, अदी!” सिंधीतली ताई शालनच्या तोंडी आपसूक आली.

केळ्यावर बराच वेळ भांडण झालं. शेवटी सेठाणीने कागद जवळ ओढला. “आता तोंडावरच सांगते. घेर वाढव. गळा आधीचाच ठेव, वाईट नव्हता; मलाच माझ्या घरचा पडदा आठवला.” आणि घरातल्या झाडून सगळ्या पोरींची ऑर्डर दिली.

त्या गेल्यावर ईश्वरीबाई पहिल्यांदाच तिच्याशी सिंधीत बोलल्या. “सोमवारपासून पक्की म्हणून ये. पोरीला मात्र घरी ठेव.”

शालन उत्तर देणार, तोच दारात नवं गिऱ्हाईक उभं राहिलं. तिने पेन्सिल उचलली आणि ईश्वरीबाईंकडे बघत मोठ्याने म्हणाली,

“क्या बोला, सेठानी? मेरे को समझा नहीं.”