फक्त कामाची खोली

बाई घरी बसून लोकांच्या बैठकांची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करून द्यायच्या. दिवसभर कानात माणसंच माणसं, पण त्यांतलं एकही त्यांच्याशी बोलायचं नाही.

नोकरी सुटल्यावर त्यांनी हे काम स्वतःच धरलं होतं, त्यामुळे कराची भानगडही स्वतःच निस्तरायची होती. करसल्लागार त्यांच्या मुलीच्याच वयाचा, बोलायला मोकळा.

“काकू, काम कुठे बसून करता?”

“जेवणाच्या टेबलावर.”

“मग घराचा खर्च कामाच्या खर्चात धरता येणार नाही. एखादी खोली फक्त कामासाठी ठेवली, तर भाड्यातला, विजेतला तेवढा हिस्सा खर्चात टाकता येतो, कर कमी बसतो. आतली खोली आहे ना?”

“ती लेकीची आहे.”

“राहायला येतात का त्या?”

“येते की,” बाई पटकन म्हणाल्या. लेक लग्नानंतर मुक्कामाला अशी आलीच नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी लेकीला फोन लावला. “ती खोली कामाला घेऊ म्हणतेय. पण मग तुझा पलंग काढावा लागेल गं.”

आता ही चिडेल, माझ्या खोलीला हात लावू नकोस म्हणेल, असं त्यांना वाटलं. खरं म्हणजे तेच ऐकायला त्यांनी फोन केला होता.

“अगं, काढून टाक ना! एवढं काय विचारायचं त्यात?” लेक म्हणाली. “आम्ही आलोच तर हॉटेलात उतरू. तुला उगाच त्रास कशाला?”

“त्रास कसला त्यात,” बाई म्हणाल्या. पण तिकडे कुणीतरी हाक मारली आणि लेकीने घाईघाईने फोन ठेवला.

पलंग विकत न्यायला एक नवं जोडपं आलं. नवरा त्यावर ऐसपैस आडवाच झाला, बायको लाजून त्याला ओढू लागली. घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसत होतं. बाईंनी चहा टाकते म्हटलं, पण टेम्पोवाला खालून हॉर्न वाजवत होता.

मग टेबल आत गेलं. उजेड चांगला होता, काम भराभर उरकू लागलं. एकदा रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला कुणीतरी विचारलं, “ऐकू येतंय ना सगळ्यांना?”

“येतंय,” बाई मोठ्याने म्हणाल्या, आणि मग दचकून टाइप करू लागल्या.

वर्षअखेरीला करसल्लागाराचा फोन आला. “काकू, खोलीमुळे चांगलीच वजावट मिळाली. सुटलात!”

“बरं झालं हो.” तो आता फोन ठेवणार, हे त्यांच्या लक्षात आलं. “आणि, प्रिंटरच्या शाईचं कसं असतं?”

हे त्याने आधीही समजावून सांगितलं होतं आणि त्यांना ते तोंडपाठ होतं. तो बिचारा पहिल्यापासून पुन्हा सांगू लागला. बाई खुर्चीत नीट टेकून बसल्या आणि मधूनमधून “हो का?” म्हणत राहिल्या.