अर्धी विजेची, अर्धी पेट्रोलची

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे, आणि माझ्या जातीला धड कोणी आपले म्हटले नाही. माझ्या पोटाखाली बॅटरीची पेटी आहे. घराच्या भिंतीवरच्या चार्जरची वायर लावून ठेवली की गावातल्या गावात हिंडण्यापुरती वीज तिच्यात भरते. ती वीज संपली की बॉनेटखालचे पेट्रोलचे इंजिन आपोआप सुरू होते. ज्या कारखान्यात मी तयार झाले तिथे इंजिन बसवणारी माणसे वेगळी होती आणि बॅटरी बसवणारी वेगळी. इंजिनवाले मला पाहून म्हणत, "ही कसली गाडी, बॅटरीच्या कुबड्या घेतलेली!" बॅटरीवाले म्हणत, "अजून धुराचा नाद सुटला नाही हिचा." दोघांनीही मला मन लावून बनवले, एवढे मात्र खरे.

माझे सगळे आयुष्य नॉर्वेच्या उत्तर टोकाला, स्टाइनविक नावाच्या गावात गेले. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला घाट, आणि मध्ये पसरलेली घरे. त्यातल्या एका पिवळ्या घरात आयलर्ट आणि गुरो राहत. आयलर्टने उभी हयात फेरीबोटीच्या इंजिनखोलीत काढली होती. तो निवृत्त झाला त्याच वर्षी ती बोट भंगारात गेली आणि तिच्या जागी बॅटरीवर चालणारी बोट आली. तेव्हापासून बॅटरी हा शब्द ऐकला तरी त्याच्या कपाळाला आठ्या पडत. गुरो घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करणारी परिचारिका होती. तिला पूर्ण विजेची गाडी हवी होती.

मला विकत घेतले त्या दिवशीचे त्यांचे भांडण सगळ्या दुकानाने ऐकले.

"घाटात बर्फात अडकलो आणि बॅटरी संपली, तर काय उतरून ढकलत बसणार आहेस?" आयलर्ट म्हणाला.

"घाटात जातं कोण? मी रोज या किनाऱ्यावर वर-खाली करते. आणि तू? तू तर खुर्चीवरून स्वयंपाकघरात जातोस!"

"खुर्चीवरून का होईना, पण पोचतो मी. मध्येच बंद पडत नाही."

दुकानदाराने दोघांना कॉफी दिली आणि माझ्याकडे बोट दाखवले. असा माझा त्या घरात प्रवेश झाला. मी त्या दोघांमधली तडजोड होते.

सुरुवातीची वर्षे सुखाची गेली. गुरो मला घेऊन किनाऱ्यावरची घरे करत असे. कुणाला इंजेक्शन, कुणाच्या पायाची जखम धुवायची, कुणाला नुसते बोलायला माणूस हवे. एक टोव्हे नावाची म्हातारी होती. गुरो समोर बसून तिच्या हातचे वाफल, म्हणजे जाळीदार गोड धिरडे, खाईपर्यंत ती औषधाच्या गोळीला हात लावत नसे. गुरो तिथून परत आली की माझ्यात लोणी आणि तपकिरी चीजचा वास दरवळत राही. घरी आल्यावर ती आधी मला वायर लावी, मग स्वतःचे बूट काढी. घरात शिरताना ती मुद्दाम मोठ्याने म्हणे, "आयलर्ट, आजही तुझ्या इंजिनाला कुणी उठवलं नाही हं!"

शनिवारी मात्र आयलर्ट मुद्दाम माझे इंजिन चालू करी आणि बॉनेट उघडून कान देऊन ऐकत उभा राही. "नुसतं पडून राहिलं तर गंजेल ते," तो म्हणे. खिडकीतून गुरो ओरडे, "मग तूही जरा हालचाल कर की!" त्यांची मुलगी रागनी दक्षिणेत, बर्गन शहरात नोकरीला होती. ती सुट्टीला आली की या दोघांचे बोलणे ऐकून पोट धरून हसत असे.

मग गुरोला आजार झाला. पोटातला कर्करोग होता आणि तो उशिरा कळला. इतरांची दुखणी ऐकता ऐकता तिने स्वतःचे दुखणे अंगावर काढले होते. उपचारासाठी घाटापलीकडच्या शहरात जावे लागे. जो घाट आम्हाला कधी लागणार नव्हता, तो आता दर आठवड्याला लागू लागला.

वादळ असले की आमच्या घाटात एकट्या गाडीला सोडत नाहीत. पायथ्याच्या फाटकापाशी सगळ्यांनी थांबायचे. बर्फ लोटणारा ट्रक आला की त्याच्या मागे रांगेने, एकमेकींचे दिवे धरून गाड्या निघतात. फेब्रुवारीतल्या अशाच एका सकाळी आम्ही रांगेत होतो आणि ऐन माथ्यावर पुढचा ट्रक बर्फात रुतला. वाऱ्याने माझी काच पांढरी करून टाकली. समोरच्या गाडीचे दिवेही दिसेनात. गुरो घोंगडी पांघरून मागच्या आसनावर आडवी होती आणि थंडीने कापत होती. माझी वीज चढावरच संपली होती. इंजिन सुरू झाले आणि मी मला जमेल तेवढी ऊब तिच्याकडे सोडत राहिले. आयलर्ट अधूनमधून दार ढकलून खाली उतरे, फावड्याने माझ्या मागच्या धुराच्या नळीपुढचा बर्फ काढी आणि भुवयांवर हिम घेऊन परत आत येई.

"जिंकलास बाबा तू," गुरो म्हणाली. "पेट्रोल नसतं तर माझा सुका मासा झाला असता इथं."

"गप्प पडून राहा. बोलायला दम लागतो तुला."

"इतकी वर्षं मला गप्प करायला बघतोयस. आता होईन हो गप्प."

आयलर्टने स्टिअरिंगवर कपाळ टेकवले. मागे न बघता तो म्हणाला, "भांड माझ्याशी. तसलं काही बोलू नकोस, पण भांड."

त्या दिवशी आम्ही शहरात पोचलो. पण औषधे लागू पडली नाहीत. डोंगरामागे दडलेला सूर्य परत वर येऊ लागला, बर्फाला पाणी सुटले, आणि गुरो गेली.

मित्रांनो, माझी हेळसांड झाली ती यानंतर. मला वायर लावायचे काम गुरोचे होते. आयलर्टने ते एकदाही केले नाही. भिंतीवरच्या वायरीचे टोक खाली लोंबत राहिले, पावसात भिजले, मग बर्फात गाडले गेले. तो मला फक्त पेट्रोलवर चालवी, तेही पाव आणि बटाटे आणण्यापुरते. रिकामी ठेवलेली बॅटरी हळूहळू मरते. माझी तशीच मरत चालली. आणि तोही बारीक होत चालला.

त्याला घरात बसवत नसे. मला तो समुद्राकाठच्या होड्यांच्या शेडमध्ये उभी करी आणि माझ्यातच बसून राही. तिथेच डब्यातले मासे खाई, रेडिओवर हवामान ऐके. रागनीचा फोन आला की तिचा आवाज माझ्या स्पीकरमधून येत असे.

"बाबा, जेवलात का?"

"जेवलो."

"घरात आहात ना?"

"घरातच आहे."

दोन्ही खोटे असे. मला ते ठाऊक होते, पण मला बोलता येत नाही.

डिसेंबर आला. त्या महिन्यात आमच्याकडे सूर्य उगवतच नाही. दुपार असते, पण ती नावालाच. अशाच एका दुपारी आयलर्ट शेडमध्ये आला. वाऱ्याने मोठे दार आपटत होते म्हणून त्याने ते आतून ओढून घेतले. मग माझ्यात बसला आणि हीटर लावला. बॅटरीत वीज नव्हती. इंजिन आपोआप सुरू झाले.

बाहेर बर्फ दाराला येऊन टेकत होता आणि फटी बुजत होत्या. माझा धूर शेडमधून बाहेर जाईना. इंजिनाच्या धुरात एक विषारी वायू असतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि तो माणसाला आधी फक्त झोप आणतो. फेरीबोटीच्या इंजिनखोलीत हयात काढलेल्या माणसाला हे कुणी सांगायची गरज नव्हती. आयलर्टची मान एका बाजूला कलली. त्याचा हात मांडीवरून घसरला. मी चालूच राहिले. माणसाने बंद केल्याशिवाय मला बंद होता येत नाही. ज्या उबेने मी घाटात गुरोला जपले तीच ऊब मी त्यालाही देत होते, आणि तिच्यासोबत धूरही.

शेजारची बोर्गहिल्ड मेंढ्या पाळत असे. त्या दिवशी तिने कोबी घालून मटण शिजवले होते. आयलर्टने फोन उचलला नाही म्हणून ती पातेले घेऊन स्वतःच आली. घरात दिवा नव्हता. शेडमधून इंजिनाचा आवाज येत होता. तिने पातेले बर्फात टाकले, हातांनी आणि पायांनी दारापुढचा ढीग उकरला, दार सरकवले आणि आयलर्टच्या काखांत हात घालून त्याला बाहेर फरफटत नेले.

"श्वास घे! आयलर्ट, गाढवा, श्वास घे म्हणते ना!" ती ओरडत होती आणि त्याच्या गालांवर चापट्या मारत होती. "माझ्यासमोर मरायची हिंमत करशील तर बघ!"

मग ती आत आली आणि तिने मला बंद केले. रुग्णांची बोट येईपर्यंत ती त्याचे डोके मांडीवर घेऊन बर्फात बसून होती.

आयलर्ट वाचला. पण जसा गेला तसा तो परत आला नाही. त्याचा डावा हात थरथरू लागला. बोलता बोलता शब्द हरवू लागले. एकदा त्याने माझे बॉनेट उघडले आणि इंजिनाच्या एका भागावर बोट ठेवून तो खूप वेळ उभा राहिला. त्याला त्या भागाचे नाव आठवत नव्हते. त्याने बॉनेट लावले आणि पुन्हा कधी उघडले नाही.

रागनी आली, ती तडक शेडमध्येच. बाप तिच्या मागोमाग काठी टेकत आला.

"बाबा, मला एकच सांगा. तुम्हाला झोप लागली, की तुम्ही लावून घेतली?"

आयलर्ट माझ्या दाराची कडी चाचपत राहिला. "थंडी होती," तो म्हणाला.

"थंडी घरात नव्हती. घरात चूल होती, लाकडं होती."

"घरात तुझी आई नव्हती."

"गाडीत होती?"

रागनी रडली नाही. तिने माझ्या टपावर जोरात हात आपटला. "ही जाणार," ती म्हणाली. "तुमची गाडी काढून घेत नाही मी. गाडीशिवाय इथं पावही मिळायचा नाही, मला कळतं. पण धूर सोडणारी गाडी या घरात नको. पूर्ण विजेची घ्यायची."

"म्हणजे शेवटी गुरोचंच खरं झालं," आयलर्ट म्हणाला. त्याच्या ओठांवर हसू आल्यासारखे झाले आणि लगेच विझले.

वसंतात डॉक्टरांनी त्याला गावापुरती गाडी चालवायला परवानगी दिली, आणि माझ्या बदल्यात नवी गाडी घ्यायचा दिवस आला. त्याच दुकानाच्या अंगणात मला उभे केले. शेजारी ती नवी गाडी होती, निळी, चकचकीत. मला तिचा राग आला नाही. तिच्याकडून आयलर्टला कधी इजा होणार नव्हती, आणि मी स्वतःबद्दल तसे म्हणू शकत नव्हते.

आयलर्ट आत बसला. रागनी खिडकीपाशी उभी होती. त्याने बटण दाबले आणि तो वाट बघत राहिला.

"चालू होत नाही ही."

"झाली की, बाबा. केव्हाच."

"कळलंच नाही." तो थोडा वेळ कान देऊन बसला. "काहीच ऐकू येत नाही हिच्यात."

रागनीने वाकून त्याचा मफलर नीट केला. तिचा आवाज कितीतरी महिन्यांनी मोकळा झाला होता. "आता खुशाल बसा. शेडमध्ये बसा, दार लावून बसा, हवं तितका वेळ बसा. आता मला भीती नाही."

आयलर्टने तिच्याकडे पाहिले. शब्द शोधायला त्याला वेळ लागला.

"मग तू कशाला येशील आता?" तो म्हणाला.

रागनीचे हात मफलरवरच राहिले. तिचे बर्गनचे विमान त्याच दिवशीचे होते. फिरून पलीकडच्या दाराने ती आत बसली, आणि ती निळी गाडी आवाज न करता फाटकाबाहेर गेली. रागनी विमानाने गेली की राहिली, मला कळले नाही. इथे मला कोण सांगणार?

मला कुणी विकत घेतले नाही. मेलेल्या बॅटरीची गाडी कुणाला हवी? मी आता मोडीच्या आवारात उभी आहे. उद्या माझी पेटी काढतील, परवा इंजिन. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. पण त्याआधी एक सांगून ठेवते. मित्रांनो, बंद जागेत कधीही इंजिन चालू ठेवू नका, आणि कुणी ठेवलेले दिसले तर धावत जाऊन दार उघडा. गाडी बदलली की धूर जातो. माणसाचे एकटेपण जात नाही. त्याला कुठल्याही भिंतीवरची वायर लावता येत नाही. तेव्हा ज्याची काळजी वाटते त्याच्याकडे स्वतः जा. आणि भीती संपली तरी जात राहा.