विलोच्या राईतली शीळ

पाणीमंडळाने पैसे द्यायचे की नाही, हे त्या पहाटे एका पक्ष्याच्या हाकेवर अडलं होतं. धरणाला तडे गेलेले. दुरुस्तीसाठी दोन उन्हाळे तलाव रिकामा ठेवायचा, म्हणजे वरच्या टोकाची विलोच्या झाडांची राई वाळून खडखडीत होणार. तिथे पिवळ्या चोचीचा कुकू हा संरक्षित पक्षी राहत असेल, तर कायद्याने मंडळाला पंप लावून राई जगवावी लागणार होती, वर त्या पक्ष्यांसाठी नदीकाठची आणखी जमीन घ्यावी लागणार होती. नसेल, तर विषय मिटला. आणि मंडळातल्या निम्म्या बागायतदारांना तो मिटलेलाच हवा होता. पाखरांसाठी खिशात हात घालायचा म्हटलं की या लोकांच्या पोटात गोळा येतो.

पक्षी शोधायचं काम डेल्फिनाचं. तिच्याआधी ते तिच्या नवऱ्याचं, वेंडेलचं होतं. तीन वर्षांपूर्वी तो गेला आणि त्याची राख तिने याच राईत सोडली. कुकू महा लाजरा, शोधून दिसत नाही. म्हणून त्याच्याच हाकेचं रेकॉर्डिंग वाजवायचं आणि गप्प उभं राहायचं. आपल्या हद्दीत परका घुसला असं वाटून तो उत्तर देतो. वन्यजीव खात्याने स्वच्छ केलेलं रेकॉर्डिंग सगळ्यांना दिलं होतं, पण डेल्फिना वेंडेलनेच केलेलं वाजवायची. त्याच्या शेवटी त्याने कुत्रीला घातलेली शीळ राहून गेली होती.

हंगामातली ही शेवटची फेरी. साक्षीला धाकटा दीर होमर आला होता, तोच मंडळाचा अध्यक्ष. वेंडेलची म्हातारी कुत्री टिली दोघांच्या पायाशी बसली होती. डेल्फिनाने हाक वाजवली. काहीच नाही. पुन्हा वाजवली, आणि आतल्या एका झाडातून उत्तर आलं.

डेल्फिनाचे डोळे भरून आले. होमर हळूच म्हणाला की आता बैठकीत शिव्या खाईन, पण पैसे काढीनच, दादाची राई वाळू देणार नाही.

तेवढ्यात त्याच झाडातून शीळ आली. आधी वर चढणारी, मग खाली घसरणारी. टिली धडपडत उठली, झाडाखाली गेली आणि वर बघत शेपटी हलवू लागली.

होमर डेल्फिनाकडे वळला. "वहिनी, ही दादाची शीळ."

दोघांनी वर पाहिलं. मग फांदीच्या शेंड्यावर एक करडा पक्षी येऊन बसला. नकल्या. जे ऐकेल ते गळ्यात उतरवणारा, गाड्यांचे भोंगेसुद्धा न सोडणारा; मघाची कुकूची हाकही त्याचीच.

होमरने आजूबाजूला पाहिलं. तिसरं कोणी नव्हतं. "कुकूच लिहा," तो म्हणाला. "मी सही करतो. हाक आपण ऐकलीच ना?"

डेल्फिनाने नोंदवही उघडली.

"पण या चोराने इतकं हुबेहूब उचललं कसं? तुम्ही तर उन्हाळ्यात मोजक्या सकाळीच वाजवता."

गरजेपेक्षा जास्त वाजवायचं नाही, हा वेंडेलने शिकवलेला पहिला नियम. सारखी परक्याची हाक ऐकली की कुकू घरटं टाकून निघून जातो. हे तिला पाठ होतं. तरी वेंडेल गेल्यापासून ती संध्याकाळी इथे येऊन बसायची आणि वाजवत राहायची, त्या शेवटच्या शिळेसाठी. पहिल्या उन्हाळ्यात कुकूची कितीतरी उत्तरं यायची. मागच्या वर्षी एकच. तिला वाटलं होतं, दुष्काळामुळे असेल.

"नाही भाऊजी, कुकू लिहायचं नाही," ती म्हणाली. "होता इथे. मीच हाकलला त्याला."

होमरने टोपी काढली, पुन्हा घातली. राई गेली हे दोघांनाही कळलं होतं. वर पुन्हा शीळ वाजली. टिली काही केल्या झाडाखालून हलेना, शेवटी होमरने तिला उचलून गाडीत नेलं.